सही मराठीत, निकाल इंग्रजीत!

मैत्रिणींनो, हा लेख रागाने लिहिला आहे, आणि त्यातला निम्मा राग माझ्या स्वतःवरचा आहे, हे सुरुवातीलाच सांगते.

धरणगावला आमच्या गटाची बैठक होती. कापसाची वेचणी जोरात चाललेली, त्यामुळे बाया आल्या त्या जेवणं, भांडी आटोपून रात्री उशिरा. एका कॉलेजातली संशोधन करणारी मुलगी प्रश्नावलीचे गठ्ठे घेऊन आली होती. वेचणीला जाणाऱ्या बायांच्या आरोग्याची पाहणी तिला करायची होती आणि त्यासाठी गटाची मदत हवी होती. मुलगी गुणी, बोलणं आर्जवी. तिचं सांगून झाल्यावर मी म्हटलं, "कोणाला काही विचारायचंय का?" मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीने विचारलं. तेही तिला नाही, मला विचारलं: "ताई, मागे बी तुम्ही लिखी लई ग्यात. मंग निंघनं काय?"

मागेही तुम्ही लिहून घेऊन गेलात. मग निघालं काय?

बाया हसल्या. मला हसता आलं नाही. कारण आजी खरं बोलत होती. बऱ्याच वर्षांपूर्वी एका पाहणीसाठी मी याच गल्ल्यांतून घरोघर फिरले होते. पाठदुखी, अंगावरून पांढरं जाणं, पडलेली मुलं, राहिलेलं मूल, नवऱ्याचा मार, सगळं विचारलं होतं. सासू दाराशी बसलेली असायची, म्हणून बाया विहिरीवर जायचं निमित्त काढून माझ्याशी बोलायच्या. प्रत्येकीला मी सांगितलं होतं, "रिझल्ट आला की सांगायला येईन." रिझल्ट आला. इंग्रजीत छापून आला. एवढंच नाही, माझं इंग्रजी बरं म्हणून त्या निबंधातल्या 'रिझल्ट्स' या भागाची भाषा मीच घासूनपुसून दिली होती. त्या कागदावर माझं नाव नाही, पण इंग्रजी माझं आहे. आणि सांगायला मी कधीच गेले नाही.

म्हणून आज या 'रिझल्ट्स'विषयीच बोलायचं आहे. हा विषय आपल्या अंकात कशाला, असं काहीजणींना वाटेल. पण बाईच्या शरीराबद्दल, श्रमाबद्दल, मरणाबद्दल जगाला जे 'माहीत' असतं, ते या एका भागात लिहिलं जातं म्हणून माहीत असतं. तिथे जे लिहिलं नाही, ते घडलंच नाही असं धरलं जातं.

चार खणांचं घर

शास्त्रीय निबंधाला चार खण असतात: प्रस्तावना, पद्धत, निष्पत्ती आणि चर्चा. वैद्यकीय नियतकालिकांत हा साचा १९४० नंतर रुळत गेला आणि १९८० च्या दशकापर्यंत तोच एकमेव होऊन बसला. निष्पत्ती, म्हणजे 'रिझल्ट्स', हा तिसरा खण. त्यात फक्त काय सापडलं ते लिहायचं. का सापडलं, त्याचा अर्थ काय, हे चौथ्या खणात. आपल्याकडे मराठीत सरसकट 'निष्कर्ष' म्हटलं जातं आणि दोन्हींची गल्लत होते. माझ्याकडे इंग्रजी तपासायला येणाऱ्या मुलींची पहिली चूक हीच असते. 'अशिक्षितपणामुळे बाया दवाखान्यात जात नाहीत' हे त्या बेधडक निष्पत्तीत लिहितात. मी विचारते, हे तू मोजलंस का? मोजलं असतं फक्त एवढंच की अमुक इतक्या बाया गेल्या नाहीत. 'अशिक्षितपणामुळे' हे तर तिच्या गाईडचं मत, आणि ते गावातल्या सरपंचाचंही मत असतं! दवाखाना किती कोसांवर आहे, तिथे बाईडॉक्टर आहे का, दिवसाची मजुरी बुडते का, हे तिने विचारलेलंच नसतं.

तेव्हा हा खण मुळात चांगला आहे, हे मी मान्य करते. सापडलं ते आणि वाटलं ते वेगळं ठेवायची शिस्त बाईच्या फायद्याचीच आहे. माझं भांडण या शिस्तीशी नाही. शिस्तीच्या नावाखाली त्या खणातून जे झाडून बाहेर टाकलं जातं, त्याच्याशी आहे.

बाई सांगते, "पाठ मोडते हो, पण सांगू कोणाला?" निष्पत्तीत होतं, 'लो बॅक पेन वॉज रिपोर्टेड.' कोणी सांगितलं, कोणाला, कोणाच्या देखत, काही नाही. कर्ताच गायब! मराठीत लिहिलं म्हणजे हे सुटतं असंही नाही. आपले मराठी प्रबंधही 'असे आढळून आले', 'असे दिसून येते' याच चालीवर लिहिलेले असतात. जणू कोणी शोधलं नाही, कोणी सांगितलं नाही, आभाळातून आढळून आलं. एक गंमत सांगते. शास्त्रीय लेखनात 'आम्ही' चालत नाही असं आपल्या मुलींना अजून बजावलं जातं. पण 'नेचर'सारखं जगातलं बडं नियतकालिक लेखकांना सरळ 'आम्ही हे केलं' असं लिहायला सांगतं. म्हणजे साहेबाने सोडलेला सोवळेपणा आम्ही इथे पाळतो आहोत.

आणखी दोन शब्द बघा. प्रश्नाचं उत्तर दिलं नाही ती 'नॉन-रिस्पॉन्स'. दुसऱ्या फेरीत भेटली नाही ती 'लॉस्ट टू फॉलो-अप', म्हणजे हरवलेली. अहो, ती हरवलेली नाही! ती बाळंतपणाला माहेरी गेली आहे, ऊसतोडीला गेली आहे, नवऱ्याने टाकलं म्हणून भावाच्या दारात पडली आहे. किंवा मेली आहे. शेजारणीला विचारलं असतं तर कळलं असतं. आणि जिने उत्तर दिलं नाही, तिच्यामागे सासू उभी होती. आमच्या पाहणीत हे मी वहीच्या समासात लिहून ठेवलं होतं. छापील तक्त्यात समास नसतो.

'आकडे पुरुषांचे, अनुभव आपले'?

आता आपल्याच मैत्रिणींशी थोडं भांडते.

आपल्या शिबिरांमधून एक सूर वर्षानुवर्षं ऐकू येतो: विज्ञान पुरुषप्रधान, आकडेवारी सत्तेची भाषा, इंग्रजी वरच्या वर्गाची, तेव्हा आपण त्या वाटेला जाऊच नये, बायांचे अनुभव लिहावेत. यातलं निदान पटण्यासारखं आहे. उपाय मुळीच पटत नाही. तो पत्करला तर तिसरा खण आपण आपणहून त्यांच्या ताब्यात देतो.

गडचिरोलीचं उदाहरण घ्या. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या दोन खेड्यांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तो निबंध जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या ब्रिटिश वैद्यकीय साप्ताहिकात आला. त्या काळी खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन, एवढाच सरकारचा हिशेब होता. बाई म्हणजे गर्भाशय, आणि तेही भरलं की बंद करायचं. या निबंधातल्या निष्पत्तीने सांगितलं की तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगांपैकी किंवा लैंगिक रोगांपैकी एक वा अधिक आजार आहेत. एकेकीला सरासरी ३.६. तक्रार आहे असं सांगितलं होतं ५५ टक्क्यांनी. आणि याआधी कधी तपासणी व उपचार झाले होते फक्त ८ टक्क्यांचे.

हे तीन आकडे शेजारी ठेवून बघा: ९२, ५५, ८. आजार असणाऱ्या, तक्रार सांगणाऱ्या, डॉक्टरपर्यंत पोचलेल्या. यात एकही विशेषण नाही, संताप नाही. पण बाईच्या सोसण्यावर आपण लिहिलेल्या कित्येक लेखांपेक्षा हे तीन आकडे जास्त बोलतात. पुढे १९९४ च्या कैरो परिषदेत लोकसंख्या-नियंत्रणाच्या जागी प्रजनन आरोग्य हा शब्द आला, १९९६ मध्ये आपल्या सरकारने नसबंदीची वरून लादलेली उद्दिष्टं मागे घेतली. हे जगभरच्या स्त्रीचळवळीने लढून मिळवलं, पण लढताना हातात दाखवायला काही असावं लागतं. गडचिरोलीच्या त्या निष्पत्तीसारखे कागद हातात होते. 'बाया सांगतात' असं म्हटलं असतं तर साहेब लोक म्हणाले असते, बाया काय, रडतच असतात!

आणि बघा, निबंधाने '९२ टक्के भारतीय स्त्रिया' असं म्हटलं नाही. दोन गावांतल्या ६५० स्त्रिया, असं म्हटलं. आपण भाषणात पहिलं वाक्य ठोकून देतो आणि मग समोरचा आपल्याला खोटं पाडतो. 'पैकी' या मराठी शब्दाची किंमत आपल्याला कळली पाहिजे. बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात गाजला, डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीत ८२,३०९ बायांपैकी १३,८६१ बायांचं गर्भाशय काढलेलं आढळलं. नुसतं 'हजारो बायांची पिशवी काढली' म्हटलं तर बातमी होते आणि विरते. '८२,३०९ पैकी १३,८६१', म्हणजे दर सहा बायांमागे एक, असं म्हटलं की उत्तर द्यावं लागतं.

चौसष्ट जणी

आता त्याच तिसऱ्या खणाची दुसरी बाजू सांगते. ती सांगताना माझा आवाज आजही चढतो.

उस्मानाबाद जिल्ह्यात, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी कोणत्या पद्धतीने करावी यावर एक मोठा प्रयोग झाला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. गावांचे ५२ समूह पाडून त्यांचे चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या पद्धतींनी एकदा तपासणी केली. चौथ्या गटात तपासणी केली नाही. त्या बायांना माहिती दिली आणि नेहमीच्या सरकारी सेवेवर सोडलं. निष्पत्ती एप्रिल २००९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आली: एचपीव्ही विषाणूची तपासणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कॅन्सरने गेल्या. तपासणी न केलेल्या ३१,४८८ स्त्रियांपैकी ६४ जणी गेल्या.

मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले, हे विज्ञानाच्या दृष्टीने मोठं यश. ते यश मी नाकारत नाही. पण त्या तक्त्यातला ६४ हा आकडा मला पुढे वाचू देत नाही. बायांना तपासणीविना ठेवून मोजणं नैतिक होतं का, असा प्रश्न या आणि मुंबईतल्या अशाच प्रयोगाबद्दल पुढे उघडपणे विचारला गेला. संशोधकांच्या बाजूने उत्तर आलं की भारतात अशी तपासणी मुळात होतच नव्हती, तेव्हा चौथ्या गटाचं आम्ही काही काढून घेतलं नाही. म्हणजे सरकारने बाईला काही दिलं नाही, हेच प्रयोगाचं समर्थन झालं!

मला इथे विचारायचं आहे ते आणखी साधं आहे. जगभरच्या डॉक्टरांनी वाचलेली ती दोन वाक्यं, ३४ हजारांपैकी इतक्या आणि ३१ हजारांपैकी इतक्या, त्या ५२ समूहांतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मराठीत लागायला नको होती का? ती तर त्यांच्या लेकीसुनांच्या मरणाची आणि जगण्याची बातमी होती. आणि ती धरणगावच्या, चोपड्याच्या, शिरपूरच्या फळ्यावरही का लागू नये? एका तपासणीने मरण निम्म्यावर येतं हे २००९ मध्ये महाराष्ट्राच्याच बायांच्या जीवावर सिद्ध झालं. त्यानंतर दहा वर्षांनी, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, ३० ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी या कॅन्सरची तपासणी कधी तरी झालेल्या निघाल्या १.९ टक्के. दर शंभरात दोनही नाहीत!

याला भाषा हे एकच कारण आहे असं मी म्हणणार नाही. मी निष्पत्ती आणि मत वेगळं ठेवा म्हणून आत्ताच सांगितलं आहे. पण ज्या बाईला निष्पत्ती कळलीच नाही, ती मागणी कशी करणार, एवढं तरी विचारू द्या.

तक्त्यात कोण आहे?

निष्पत्तीतला पहिला तक्ता बहुतेक वेळा 'उत्तरदात्यांची माहिती' असा असतो: वय, शिक्षण, व्यवसाय. मुलगी तो घाईघाईने भरते, गाईडही बघत नाही. मी आधी तोच बघते. व्यवसायाच्या खाली 'गृहिणी' अशी ओळ असते आणि निम्म्याहून जास्त बाया तिथे कोंबलेल्या असतात. मी विचारते, अगं, या गल्लीतली कोणती बाई कापूस वेचायला जात नाही? घरच्या रानात वेचते म्हणून मजुरी नाही, मजुरी नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून गृहिणी! मग पुढच्या तक्त्यात पाठदुखीचं कारण सापडत नाही, तेव्हा हीच मुलगी लिहिते, 'व्यवसाय आणि पाठदुखी यांचा संबंध आढळला नाही.' कसा आढळणार? पहिल्या तक्त्यातच त्याला पुरून टाकलंय.

हे केवळ आपल्या मुलींचं अज्ञान नाही. भारताच्या जनगणनेत १९९१ पर्यंत कामाचा प्रश्न विचारताना 'घरच्या शेतातलं किंवा घरच्या धंद्यातलं बिनमोबदला काम धरून' हे शब्द नव्हते. ते आपोआप आले नाहीत. स्त्रियांच्या संघटनांनी आणि अभ्यासक बायांनी ते घालायला लावले. २०१९ च्या सरकारी वेळ-वापर पाहणीत तर घरकामाची मिनिटं मोजली: बिनमोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात रोज सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ९७ मिनिटं. आणि हे जे करतात त्यांचंच! घरकामाला हातच न लावणाऱ्या पुरुषांची तर गणती वेगळीच. प्रश्नपत्रिकेत रकाना होता म्हणून हे उत्तर आलं.

स्त्री-पुरुष असे आकडे वेगळे न दाखवण्याने काय होतं, याचं एक उदाहरण पुरे. झोल्पिडेम नावाची झोपेची गोळी अमेरिकेत १९९२ मध्ये आली. स्त्री असो, पुरुष असो, मात्रा एकच. स्त्रियांच्या शरीरातून ती सावकाश बाहेर जाते आणि सकाळी गाडी चालवतानाही रक्तात उरते, म्हणून स्त्रियांची मात्रा निम्मी करा असं तिथल्या औषध प्रशासनाने सांगितलं ते जानेवारी २०१३ मध्ये. वीस वर्षं अमेरिकेतल्या बाया पुरुषांच्या मापाची गोळी घेत होत्या!

'फरक नाही' आणि 'फरक सापडला नाही'

एक तांत्रिक गोष्ट सांगते, कंटाळू नका, इथेच फसवणूक होते. निष्पत्तीत प्रत्येक आकड्याशेजारी 'पी' नावाची किंमत असते. ती ०.०५ च्या खाली असली की फरक 'लक्षणीय', वर असली की नाही. ही रेघ फिशर नावाच्या इंग्रज संख्याशास्त्रज्ञाने १९२५ मध्ये सोयीची म्हणून सुचवली आणि पुढे ती लक्ष्मणरेषा झाली. प्रत्यक्षात थोड्याच बाया तपासल्या असल्या तर मोठा फरकही रेघेच्या पलीकडे जात नाही. तेव्हा लिहायचं असतं, 'या पाहणीत फरक सापडला नाही.' मुली लिहितात, 'फरक नाही.' आणि हेच वाक्य उद्या ठेकेदाराचा वकील दाखवतो: बघा, फवारलेल्या रानात वेचणाऱ्या बायांना काही होत नाही, विज्ञानानेच सांगितलंय! अमेरिकेच्या संख्याशास्त्र संघटनेने २०१६ मध्ये जाहीर सांगितलं की नुसत्या या रेघेवरून निर्णय घेऊ नका. आपल्याकडे मात्र रेघेपलीकडच्या ओळी गाळून टाक, असा सल्ला मिळतो. मी म्हणते, एकही ओळ गाळू नका. न सापडलेलं लिहिणं हाही प्रामाणिकपणा आहे, आणि पुढच्या मुलीची वाट तिथूनच सुरू होते.

मराठीत होत नाही म्हणे!

आता मूळ मुद्दा. संशोधनात सामील होणाऱ्या बाईला माहिती तिच्या भाषेत द्यावी, संमती तिला समजेल अशा भाषेत घ्यावी, असा नियम आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं तेच सांगतात. म्हणजे बाईची सही किंवा अंगठा घेताना मराठी येते. तेव्हा शब्द सापडतात, भाषांतर करणारे सापडतात, पैसे सापडतात. निष्पत्ती सांगायची वेळ आली की मराठी अपुरी पडते! सही मराठीत, निकाल इंग्रजीत. हा कुठला न्याय?

मराठी अपुरी नाही. २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या बालमृत्यूंचा अहवाल 'कोवळी पानगळ' या मराठी नावाने आला. सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त, वर्षाला सुमारे पावणेदोन लाख मुलं राज्यात मरत असावीत, असा त्याचा अंदाज होता. राज्यभर तो शब्द झाला, विधिमंडळापर्यंत पोचला. तीच मंडळी 'लॅन्सेट'मध्येही लिहीत होती. म्हणजे दोन्ही करता येतं.

मी इंग्रजी सोडा म्हणत नाही. ते म्हणणं सोयीचं आहे, पण खोटं आहे. खानदेशातल्या मुलीचं काम ब्राझीलच्या, केनियाच्या मुलीपर्यंत पोचायचं तर आज इंग्रजीच लागेल. म्हणून आपल्या मुलींनी निष्पत्ती इंग्रजीत चोख लिहायला शिकलंच पाहिजे: साधी भूतकाळी वाक्यं, प्रत्येक टक्क्याशेजारी 'किती पैकी किती', तक्त्यातलं पुन्हा वाक्यात न उगाळणं, भारदस्त शब्दांची आरास नाही. हे दहावी पास मुलीलाही जमेल इतकं साधं इंग्रजी आहे. कठीण असल्याचा देखावा ज्यांनी केला, त्यांना आपलं बस्तान राखायचं होतं.

आपल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरींचं नाव दिलं. आपण मिरवलं, मीही टाळ्या वाजवल्या. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या म्हणायच्या आणि सोपानदेव व एक नातलग लिहून घ्यायचे. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि पुढच्या वर्षी ते पुस्तक आलं: तिच्या बोलीत, तिच्या नावावर. लिहून घेणाऱ्याने तिचा शब्द बदलला नाही आणि तिचं नाव पुसलं नाही. आम्हीही बायांचं लिहूनच घेतो. पण शब्द आमचे होतात, नाव गाईडचं होतं, आणि जिने सांगितलं ती राहते 'रिस्पॉन्डंट'. ज्या विद्यापीठाला बहिणाबाईंचं नाव आहे, तिथल्या प्रत्येक प्रबंधाला मी बहिणाबाईंचा हा दंडक लावायला सांगते.

आपण काय करायचं

आमच्या गटाने त्या रात्री काही गोष्टी ठरवल्या. तुमच्या गटातही बोला, भर घाला.

एक. यापुढे गावात पाहणी करायला येणाऱ्याला, मग ती आपल्या चळवळीतली का असेना, आधी विचारायचं: निष्पत्ती परत कधी आणणार, कोणत्या भाषेत? उत्तर नसेल तर गट मदत करणार नाही.

दोन. निबंध छापायला पाठवण्यापूर्वी त्याची निष्पत्ती एका पानात, साध्या मराठीत लिहून आणायची आणि अहिराणीत वाचून दाखवायची. बाया म्हणाल्या 'हे असं नाही', तर ते नोंदवायचं.

तीन. 'गृहिणी' ही ओळ चालणार नाही. बाई काय काम करते ते लिहा, मजुरी मिळो न मिळो.

चार. ज्या बायांनी उत्तर दिलं नाही, ज्या पुन्हा भेटल्या नाहीत, त्यांची कारणं निष्पत्तीत लिहा. 'हरवल्या' म्हणून सोडू नका.

पाच. घरोघर फिरून लिहून आणणाऱ्या मुलींची नावं कागदावर हवीत. गडचिरोलीच्या निबंधावर एकट्या डॉक्टरांची नावं नव्हती, सहकाऱ्यांचीही होती.

संशोधन करणाऱ्या त्या मुलीने हे सगळं वहीत उतरवून घेतलं. थोडी घाबरली होती. म्हणाली, "मॅडम, गाईड काय म्हणतील?" मी म्हटलं, गाईडला पाठव माझ्याकडे. मग आजीच म्हणाली, येऊ दे पोरीला, लिहू दे, पण आपल्या ओट्यावर येऊन वाचायचं. एवढ्या अटीवर पाहणीला संमती मिळाली.

माझा प्रश्न उरलाच. जुन्या पाहणीच्या निबंधाची झेरॉक्स मी ट्रंकेतून काढली आहे. कागद पिवळा पडला आहे, माझं इंग्रजी अजून शाबूत आहे. त्याचं एक पान मराठी करायला मला तीन रात्री लागल्या, कारण 'रिपोर्टेड' म्हणजे कोणी कोणाला सांगितलं ते आठवावं लागलं. सांगणाऱ्यांपैकी काही आता नाहीत, काही लेकीकडे गेल्या. ज्या आहेत त्यांच्यासमोर येत्या बैठकीत ते पान वाचणार आहे. उशीर झाला, त्याची माफीही मागणार आहे.

तुमच्याही ट्रंकेत असा एखादा कागद असेल, मैत्रिणींनो. काढा तो. कोणीतरी विचारायची वाट बघू नका.